आधी वास, मग उंबरठा

पेण ते रोहा या पट्ट्यात, आणि मी तर म्हणेन अख्ख्या रायगड जिल्ह्यात, बायकोने तोंडाचा वास घेतल्याशिवाय स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही असा नेम पाळणारा पुरुष एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. साडू हे नातंच मुळात विचित्र. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही, निवडून घेतलेलं तर मुळीच नाही. दोन बहिणी एका घरातून निघाल्या, धाकटी पेणला माझ्याकडे आली आणि थोरली रोह्याला गेली, एवढ्याशा कारणाने मी आणि हा गृहस्थ पस्तीस वर्षं एकमेकांना बांधले गेलो. मी पेणच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवणारा. चष्मा, छत्री आणि अब्रू या तीन गोष्टी सांभाळून चालणारा. साडू रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, आणि शिफ्ट सुटली की यांतली एकही गोष्ट जवळ न बाळगणारे.

साडू प्यायचे, हे वाक्य फार अपुरं आहे. पहिली शिफ्ट सुटली म्हणून प्यायचे आणि तिसरी लागणार म्हणूनही. पाऊस आला की अंग भिजलं म्हणून, आणि नाही आला तर येईल की नाही या काळजीने. बारशाला गेले तर बाळाच्या आनंदात, आणि मयताला गेले तर, त्यांच्याच शब्दांत, "गेलेल्याला एकटं वाटू नये म्हनून". रोह्याजवळच्या खांब गावच्या नाक्यावर एका टपरीच्या मागे त्यांची बैठक असायची. तिथून ते घरी कसे यायचे हे त्यांना बरेचदा कळायचं नाही, कारण फार झाली की आणायला ताई जायची. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मीही तिला ताईच म्हणायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. ताई हसून म्हणायची की एकाला सांभाळता सांभाळता दुसऱ्याला वेळच झाला नाही. आम्हीही हसायचो. आता आठवलं की आपण त्यावर हसलो याची लाज वाटते.

लाजेचाच विषय निघाला आहे तर माझंही सांगून टाकतो. एकदा पेणच्या एस.टी. स्टँडवर साडू भर दुपारी झोकांड्या खात माझ्या दिशेने येत होते, आणि माझ्या शेजारी आमचे मुख्याध्यापक उभे होते. मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. साडू समोर आले, थांबले, वर्तमानपत्राच्या मागच्या पानावरचा वधूवरांचा मजकूर बराच वेळ वाचला, आणि "मास्तरांसारखे बूट हायत," एवढं बोलून निघून गेले. मुख्याध्यापकांनी विचारलं, ओळखीचे का? मी नाही म्हणालो.

ताईचं नाक ही आमच्या सासरची इस्टेट होती. दूध नासणार हे तिला ते नासायच्या आधी कळायचं. शेजारणीच्या डब्यातली सुकट कुठल्या बाजारातली, हे ती डबा न उघडता सांगायची. या नाकाचा सगळ्यात मोठा उपयोग व्हायचा तो संध्याकाळी दारात. साडू स्वतःच्या पायांनी आले की ती त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करायची, "तोंड उघडा" म्हणायची, आणि वास घेऊन निकाल द्यायची. कमी असेल तर आत ताट, जास्त असेल तर पडवीत चटई. गावठी की कंपनीची, आणि सोबत कोण कोण होतं, इथपर्यंत ती सांगत असे. साडूंनी तिला चकवायला वेलदोडे खाल्ले, लसूण खाल्ली, एकदा तर कडुनिंबाचा पाला चघळत आले. ताई म्हणाली, "पाला आपल्या दारातला नाय. खांबच्या देवळाजवळचा हाय." त्या दिवशीही चटई पडवीतच पडली.

हे सगळं कसं थांबलं, तर पोह्यांच्या पोत्यांमुळे. करोनाची साथ सरून वर्ष झालं असेल. साडू एका दुपारी खांबच्या नाक्यावर भरपूर घेऊन, सावली दिसली म्हणून उभ्या टेंपोत शिरले आणि पोत्यांवर झोपले. टेंपो रोह्याच्या गिरणीचा होता आणि पोहे पेणला पापडवाल्या बायकांकडे चालले होते. बायकांनी ताडपत्री काढली तर पोत्यांबरोबर एक पुरुष. त्यांनी साडूंना उतरवून घेतलं, तोंडावर पाणी मारलं, आणि कुठे जायचं आहे विचारलं. साडू म्हणाले, मास्तरांकडे. अशा रीतीने अंगभर पोह्यांचा कोंडा लागलेले माझे साडू संध्याकाळी पाच वाजता, सगळी आळी बघत असताना, रिक्षातून माझ्या दारात उतरले. या वेळी माझ्या हातात वर्तमानपत्र नव्हतं.

माझ्या बायकोने रोह्याला फोन लावला. ताई नेहमीसारखी धावत येईल अशी आमची खात्री. ती म्हणाली, "तुझ्याकडं जागा असंल तर ऱ्हाऊ दे तिथंच. मी दमले गो." फोन स्पीकरवर होता आणि साडू समोर बसले होते. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. तीस वर्षांची सवय होती. पण त्या आवाजात राग नव्हता, आणि ते त्यांना सोसलं नाही. पुढे आठ दिवस ते आमच्याकडे थरथरत, घामाने भिजत पडून होते. डॉक्टर दोन वेळा येऊन गेले. त्यांनीच सांगितलं की पेणमध्ये दर मंगळवारी एका शाळेच्या खोलीत दारू सोडलेल्यांची मीटिंग भरते. साडू मीटिंगला गेले. नवव्या दिवशी मी त्यांना रोह्याला पोचवायला गेलो. ताई दारात उभी होती. साडू उंबऱ्याबाहेर थांबले, कोणी न सांगता तोंड उघडलं आणि "हाऽ" केलं. ताईने नाक जवळ नेलं, थोडी थांबली, आणि बाजूला झाली. त्यानंतर ताई असेपर्यंत एकही संध्याकाळ या "हाऽ"शिवाय गेली नाही.

दारू सुटली, पण माणूस काही शहाणा झाला नाही. मीटिंगमध्ये प्रत्येकाने उठून स्वतःची ओळख द्यायची असते. साडूंनी ती पद्धत गावभर नेली. बँकेत, सलूनमध्ये, एस.टी.त शेजारी बसलेल्या प्रवाशाला ते हात जोडून सांगायचे, "नमस्कार. मी दारुडा हाय. आज घेतलेली नाय." माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी त्यांना दहा वेळा बजावलं होतं की आज नको. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, आपण कोण? साडू उठून उभे राहिले. "मी मुलीच्या मावशीचा नवरा. दारुडा हाय. आज घेतलेली नाय." पाहुण्यांचे पोह्यांचे चमचे तसेच हवेत राहिले. स्थळ गेलं असं समजून मी चार दिवस साडूंशी बोललो नाही. पाचव्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, त्या मीटिंगचा पत्ता मिळेल का, माझ्या धाकट्या भावासाठी हवा होता. लग्न झालं. मांडवात साडू आणि तो भाऊ शेजारी शेजारी बसून गुळाचे खडे खात होते. गोड खाल्लं की दारूची आठवण मागे पडते, असं साडूंचं म्हणणं, म्हणून त्यांच्या खिशात कायम गूळ. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना मुंग्या लागायच्या.

मग त्यांना माफी मागायचा नाद लागला. प्यायच्या दिवसांत ज्याचं ज्याचं वाईट केलं त्याच्या घरी जाऊन कबूल करायचं. एकदा मला घेऊन गागोदे बुद्रुकला गेले. तिथल्या एका शेतकऱ्याचा कोंबडा त्यांनी अठरा वर्षांपूर्वी शेतातल्या पोपटीच्या मेजवानीसाठी पळवला होता. हातात पेढ्यांचा पुडा ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. शेतकरी खूश व्हायच्या ऐवजी डोक्याला हात लावून बसला. तो अठरा वर्षं शेजाऱ्याला कोंबडीचोर म्हणत होता, मध्ये कुंपण घातलं होतं, लग्नकार्याची बोलावणीही बंद होती. आता त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणाला. साडू त्याचा हात धरून त्याला शेजाऱ्याकडे घेऊन गेले. शेजाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत म्हणाला, "तो कोंबडा मी नाय नेला. आदल्या वर्षीचा मात्र मीच नेलेला." कुंपण काही निघालं नाही, पण पुढच्या वेळी गेलो तर त्यातून जायला एक वाट झाली होती.

पोपटीचं सांगायला हवं, कारण साडूंचा जीव तिच्यात होता. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी असं भरायचं, मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाणी नाही, तेल नाही. आत काय चाललं आहे ते दिसत नाही. झाली की नाही हे वासावरून ओळखायचं. आमच्याकडे ते काम ताईचं. ती धुरात उभी राहून "काढा" म्हणाली की साडू मडकं ओढायचे, आणि ती पोपटी कधी कच्ची निघाली नाही की करपली नाही. आता पोपटी म्हटली की रात्र आली, आणि रात्र म्हटली की बाटली. दारू सोडल्यावर साडूंना कोणी पोपटीला बोलवेना. हा माणूस येऊन शेकोटीपाशी मी दारुडा म्हणून उभा राहणार, मग बाकीच्यांनी प्यायची कशी? ज्यांना त्यांनी तीस वर्षं पोपट्या घातल्या त्यांनी तोंड फिरवलं.  मग साडूंनी एका रविवारी भर दुपारी चार वाजता स्वतःच पोपटी लावली आणि कोकम सरबत केलं. जुन्या मित्रांपैकी दोघे आले, सरबत पाहिलं, आणि दोघांनाही एकदमच घरचं काम आठवलं. उरलो आम्ही चौघं.

त्या दिवशी साडूंनी विचारलं, "बघ गो, झाली काय?" ताई धुराजवळ गेली, जरा घुटमळली, आणि "काढा" म्हणाली. वाल कच्चे. दातांखाली करकर वाजत होते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, फक्त उलट; शेंगांचा कोळसा. मी थट्टेने म्हणालो की ताईचं नाक रिटायर झालं. ताई हसली. माझी बायको मात्र माझ्याकडे रागाने बघत होती, आणि तो राग कशाचा हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतरच्या दिवाळीच्या आधी ताई गेली. सकाळी रांगोळी घालून उठली, छातीत दुखतं म्हणाली, आणि रोह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. साडू पहिल्या शिफ्टला होते. तेराव्याला जमलेली माणसं दबक्या आवाजात एकच गोष्ट बोलत होती: आता हे परत सुरू करणार. मीही मनातून तेच धरून चाललो होतो. खोटं कशाला सांगू?

पंधरा-वीस दिवसांनी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. म्हणाली, ते पीत नाहीत, पण घरातही जात नाहीत. संध्याकाळी येतात, ओट्यावर बसतात, पडवीतच पडून राहतात. आत पाऊल ठेवत नाहीत. आम्ही दोघं रविवारी रोह्याला गेलो. चारचा सुमार होता. दार सताड उघडं आणि साडू बाहेर ओट्यावर, दाढी वाढलेली. पडवीत चटई होती, तीच जुनी. मंगळवारची मीटिंगही त्यांनी दोनदा चुकवली होती.

माझ्या बायकोने विचारलं, "भाऊजी, आत का जात नाही?"

"आत कोन घेनार?" ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलले, "मास्तर, तुमाला वाटतं मी सोडली. मी कसली सोडतो? ती वास घ्यायची म्हनून नाय प्यालो. घरी गेलं की नाक समोर हाय, एवढंच. आता नाक नाय. काल खांबला जाऊन बाकड्यावर बसून आलो. गिलास समोर होता. उठलो कसा ते म्हाईत नाय. उद्या उठंन काय, ते सांगवत नाय."

  माझी बायको त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "भाऊजी, ताईने शपथ घातली होती, पण आता सांगते. तिला वास येत नव्हता."

साडूंनी वर पाहिलं.

"करोना झाला तेव्हा गेला तो परत आलाच नाही. दूध करपलेलं कळायचं नाही, गॅस सुटलेला कळायचा नाही. तुम्ही पोह्यांच्या पोत्यांवरून आमच्याकडे आलात, त्याच्याही वर्षभर आधीची गोष्ट. तुम्ही सोडलीत तेव्हापासून एक दिवससुद्धा तिला तुमचा वास आलेला नाही."

 साडू काय आठवत होते ते मला त्यांच्याकडे बघून कळत होतं, कारण मीही तेच आठवत होतो: धुराशी घुटमळलेली ताई, कच्चे वाल, माझी थट्टा. शेवटी त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग रोज काय करायची ती? आत कशी घ्यायची मला?"

"मी विचारलं होतं तिला," माझी बायको म्हणाली. आता तिला रडू आवरेना. "म्हटलं, ताई, तुला फसवून पिऊन आले तर? तर म्हणाली, तीस वर्षं बघतेय मी त्यांना. पिऊन आलेला मानूस आपन होऊन तोंड उघडून दारात उभा ऱ्हातो काय गो? ते उभे ऱ्हातात, तितकं बास हाय मला."

 साडू उठले. ओट्याच्या कडेच्या बादलीतल्या पाण्याने पाय धुतले, सदरा झटकला, आणि उघड्या दारासमोर जाऊन उभे राहिले. रिकाम्या घराकडे तोंड करून त्यांनी "हाऽ" केलं. ताईला लागायचा तेवढा वेळ थांबले. मग आत गेले, आणि थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज आला. चहा ठेवत होते.

त्यानंतर साडू दर मंगळवारी पुन्हा पेणला येऊ लागले. मी स्टँडवर जाऊन उभा राहतो. कोणी ओळखीचं भेटलं आणि विचारलं, कोणाची वाट बघताय, तर मोठ्याने सांगतो, साडू यायचेत. फार उशिरा आलेलं शहाणपण आहे, पण आलं आहे.

या थंडीत त्यांनी पोपटी लावली, दुपारी चार वाजता. या वेळी माणसंही बरी होती. माझी मुलगी, जावई, त्याचा तो काका, आणि गागोद्याचे दोघे शेजारी एकाच मोटारसायकलवर. पेंढा जळत आला तसा भांबुर्डीचा वास सुटला. साडू मडक्यापाशी उभे होते, आणि सवयीने मागे वळून त्यांनी विचारलं, "बघ गो, झाली काय?" विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.  माझी बायको पुढे झाली, धुरात जरा घुटमळली, आणि म्हणाली, "काढा."

वाल कच्चे होते. साडूंनी पहिली शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, आणि ते करकर चावत राहिले. मग डोळे पुसले. धुराने असेल कदाचित.

"बरोबर झालीय," ते म्हणाले. "तिच्यासारखीच."

आम्ही सगळ्यांनी मिळून ते मडकं संपवलं.